जलराशींचा त्रिकोण की तीन समुद्र? नॉस्ट्रॅडॅमसच्या चार ओळींबद्दल

घरच्या ग्रुपवर काकांनी पाठवलेला मजकूर तुम्ही मला वाचायला दिलात. साडेचारशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या नॉस्ट्रॅडॅमस या ज्योतिषाने सांगून ठेवलंय म्हणे, की तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात एक नेता जन्मेल, तो गुरुवार पवित्र मानेल आणि सारं जग त्याच्यापुढे झुकेल. हे त्याने खरंच लिहिलंय का, आणि लिहिलं असेल तर तो देश आपलाच ना, असं तुम्ही विचारलंत.

सरळ उत्तर आधी देते. असं त्याने लिहिलेलं नाही. ज्या चार ओळींवरून हा मजकूर बेतलाय त्या मात्र अस्सल आहेत आणि त्यात गुरुवारही आहे. समुद्राने वेढलेला देश नाही. तो वाटेत कुठेतरी शिरला, आणि कसा शिरला हे जवळपास बोट ठेवून दाखवता येतं.

मी पुण्यात तीस वर्षं फ्रेंच शिकवते, अनुवाद करते, आणि सोळाव्या शतकातलं फ्रेंच हा माझा खास आवडीचा भाग. वडील पंचांगाचं गणित करायचे, पत्रिका मांडायचे. कुंडलीच्या चौकटीत राशींचे अंक भरायचं काम लहानपणी माझ्याकडे असे. या एका माणसाच्या बाबतीत मला दोन्ही शिक्षणं एकदम कामाला आली.

आधी एक घोटाळा दूर करू. त्याच्या भाकितांच्या पुस्तकाच्या भागांना ‘सेंच्युरी’ म्हणतात. मराठीत त्याचं ‘शतक’ झालं की लोकांना वाटतं, ही शंभर वर्षांची शतकं. ‘दहाव्या शतकात म्हटलंय’ हे वाचून दहावं शतक म्हणजे नेमका कुठला काळ, असा हिशेब मांडून बसलेली माणसं माझ्याकडे आली आहेत. खरं तर आपल्याला हे कळायला सोपं जायला हवं. भर्तृहरीचं नीतिशतक म्हणजे नीतीवरचे शंभर श्लोक; वामनपंडितांनी ते मराठीत आणलं. तसंच हे. शंभर चतुष्पद्यांची, म्हणजे चार-चार ओळींच्या कवितांची, एक जुडी म्हणजे एक शतक. काळाशी त्याचा काही संबंध नाही, आणि आतल्या चतुष्पद्या कालक्रमाने लावलेल्याही नाहीत.

पुस्तकाची पहिली आवृत्ती १५५५ च्या मे महिन्यात लियों शहरात मासे बोनोम या मुद्रकाने काढली. तिच्यात ३५३ चतुष्पद्या होत्या. नॉस्ट्रॅडॅमस १५६६ साली वारला, आणि १५६८ च्या आवृत्तीत आकडा ९४२ वर गेला. हजार नाही, कारण सातवं शतक ४२ वरच थांबतं. त्याच्या हातचं हस्तलिखित आज कुठेही नाही. १५५५ च्या आवृत्तीच्या आल्बी आणि व्हिएन्ना इथे सापडलेल्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर त्यांतही बारीकसारीक फरक दिसतात. तेव्हा ‘मूळ शब्द असा आहे’ हे छातीठोकपणे म्हणतानाही जपून म्हणावं लागतं.

काकांच्या मजकुराच्या मागची चतुष्पदी पहिल्या शतकातली पन्नासावी आहे. म्हणजे अगदी पहिल्या आवृत्तीतली, त्याच्या हयातीत छापलेली. मी ती अशी आणीन:

जलराशींच्या त्रिकोणातून एक जन्मेल,
जो गुरुवार आपल्या सणाचा मानील;
त्याची कीर्ती, स्तुती, राज्य, सामर्थ्य वाढेल,
भूमीवर नि समुद्रावर, पूर्वेकडच्यांवर वादळ.

पहिली ओळ फ्रेंचमध्ये ‘द लाक्वातिक त्रिप्लिसिते नेत्रा’ अशी आहे. ‘आक्वातिक’ म्हणजे पाण्याचं. ‘त्रिप्लिसिते’ हा शब्दकोशात पाहिला तर ‘तिहेरीपणा’. ज्याला ज्योतिष माहीत नाही असा अनुवादक इथे अडतो आणि ‘तिहेरी पाणी’ करतो. पुढचा ‘तीन पाणी’, त्याच्या पुढचा ‘तीन समुद्र’, आणि आपल्याकडे येईपर्यंत ‘तीन बाजूंनी समुद्र असलेला देश’. मग शाळेतल्या भूगोलातलं भारतीय द्वीपकल्प कुणालाही आठवणारच. पण इटलीला तीन बाजूंनी समुद्र आहे, कोरियाला आहे, अरबस्तानाला आहे. चुकीच्या अनुवादावर विसंबलं तरीसुद्धा देश ठरत नाही.

ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही अडखळले होते. वडील तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. चष्मा कपाळावर सारून, पुढ्यात पंचांग घेऊन बसले होते. मी ओळीचा शब्दशः अर्थ सांगितला, तर मान वर न करता म्हणाले, “अगं, जलराशींचा त्रिकोण म्हणतोय तो. कर्क, वृश्चिक, मीन. त्यात अडण्यासारखं काय आहे?” आणि लगेच पुढे, “गुरु आहे का कुठे त्यात?” दुसरी ओळ मी अजून वाचलीही नव्हती.

मला वाटतं, या माणसाचं वाचन कसं करावं हे मी त्या दुपारी शिकले. ‘त्रिप्लिसिते’ हा त्या काळच्या युरोपीय ज्योतिषातला नेहमीचा पारिभाषिक शब्द आहे. बारा राशींचे चार तत्त्वांप्रमाणे चार गट: मेष-सिंह-धनु अग्नीचा, वृषभ-कन्या-मकर पृथ्वीचा, मिथुन-तूळ-कुंभ वायूचा, कर्क-वृश्चिक-मीन पाण्याचा. कर्केपासून मोजा, वृश्चिक पाचवी आणि मीन नववी. आपल्याकडे पत्रिका बघणारा ज्याला त्रिकोण म्हणतो तोच हा.

आता तो जलत्रिकोणाचंच का बोलतो? याचं कारण गुरु-शनि युती. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी हे दोन ग्रह इतके जवळ आले होते की नुसत्या डोळ्यांना जवळजवळ एकच ठिपका दिसावा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गच्चीवरून पाहिलं असेल. ही युती साधारण वीस वर्षांनी होते आणि दोन शतकांच्या आसपास एकाच तत्त्वाच्या राशींत फिरत राहते. नॉस्ट्रॅडॅमस जन्मला डिसेंबर १५०३ मध्ये. युरोपीय ज्योतिषांच्या सायन गणिताने, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजल्या तर, १५०४ ची युती कर्केत, १५२४ ची मीनेत, १५४४ ची वृश्चिकेत, १५६३ ची पुन्हा कर्केत. त्याच्या उभ्या आयुष्यात झालेल्या चारही युत्या जलराशींत होत्या. आणि नवव्या शतकात बगदादला होऊन गेलेल्या अबू माशर या ज्योतिषापासून चालत आलेला सिद्धांत असा, की या युत्यांमधून नवे धर्म, नवे संदेष्टे, नवी राजघराणी निघतात. १४८४ ची युती वृश्चिकेत झाली तेव्हा तिच्यावरून एक नवा धर्मपुरुष जन्मेल असं छापलं गेलं, आणि पुढे लोकांनी ते प्रॉटेस्टंट पंथाच्या मार्टिन ल्यूथरला लावलं. ‘जलराशींच्या त्रिकोणातून एक जन्मेल’ हे वाक्य १५५५ च्या वाचकाला गूढ वाटलंच नसेल. ते तेव्हाच्या पंचांगांतलं रोजचं बोलणं होतं.

या युत्यांची धास्ती किती खरी होती ते १५२४ वरून कळतं. श्टोफलर नावाच्या जर्मन गणितज्ञाने १४९९ सालीच छापलेल्या पंचांगात दाखवलं होतं, की फेब्रुवारी १५२४ मध्ये मीन राशीत ग्रहांची प्रचंड गर्दी होणार. पाण्याची राशी, म्हणजे जलप्रलय, असा अर्थ लावून युरोपभर पुस्तिकांचा पूर आला. माणसं उंचावरच्या जागा शोधू लागली. प्रलय आला नाही. नॉस्ट्रॅडॅमस त्या वेळी वीस वर्षांचा होता. त्या वयात ज्याने ही घबराट पाहिली, त्याच्या लेखणीत ‘पाण्याच्या राशी’ येणार नाहीत तर काय!

दुसऱ्या ओळीतला गुरुवार इथे आपोआप जागेवर बसतो. फ्रेंचमध्ये गुरुवारला ‘जदी’ म्हणतात, म्हणजे जोव्हिसचा, गुरु ग्रहाचा वार. आपल्या वाराच्या नावातही तोच ग्रह बसलाय. मीन ही गुरूची स्वतःची रास, कर्केत तो उच्चीचा. जलत्रिकोण म्हटल्यावर वडिलांनी गुरूची चौकशी केली ती यामुळे. शिवाय मोठ्या धर्मांचे पवित्र वार ठरलेले होते: शनिवार ज्यूंचा, शुक्रवार मुसलमानांचा, रविवार ख्रिस्त्यांचा. गुरुवार मोकळा होता. तेव्हा ‘गुरुवार सणाचा मानील’ म्हणजे कुणीतरी नव्या धर्माचा किंवा नव्या युगाचा माणूस, असा अर्थ मला सर्वांत जवळचा वाटतो. आपल्याकडे गुरुवार हा दत्ताचा वार, मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं व्रत घरोघर असतं, म्हणून ही ओळ वाचताना आपल्या मनात घंटा वाजते. ती घंटा आपल्या मनातली आहे.

चौथी ओळ काकांच्या मजकुरात नाहीच. मी पाहिलेल्या बहुतेक मजकुरांत ती गाळलेली असते किंवा ‘पूर्वेकडून वादळासारखा येईल’ अशी फिरवलेली असते. मूळ शब्द ‘ओझोरियां तांपेत’ आहेत, आणि त्यातला ‘ओ’ म्हणजे ‘ला’, ‘वर’. वादळ पूर्वेकडून येत नाही, ते पूर्वेकडच्यांवर कोसळतं. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत तुर्कांनी हंगेरीचं सैन्य बुडवलं होतं, १५२९ मध्ये व्हिएन्नाला वेढा घातला होता. तुर्कांना कुणीतरी भूमीवर आणि समुद्रावर धुऊन काढावं ही त्या पिढीच्या ख्रिस्ती युरोपची आस होती. ही चतुष्पदी त्या आशेतून आलेली आहे. तिच्यात आपण असलोच, तर ज्यांच्यावर वादळ येतं त्या बाजूला.

दहाव्या शतकातल्या ७१ व्या चतुष्पदीतही गुरुवार पूजण्याचा उल्लेख येतो आणि काही लोक दोन्ही जोडून एकच भाकीत करतात. एवढ्या वर्षांत मी या ओळी किमान तीन-चार वेगवेगळ्या नेत्यांना लावलेल्या पाहिल्या. दर वेळी मजकूर तोच, नाव बदललेलं, आणि पाठवणाऱ्याचा विश्वास मात्र तितकाच पक्का.

मग त्याने सरळ, तपासून पाहता येतील अशी भाकितं केलीच नाहीत का? केली, आणि ती वाचण्यासारखी आहेत. १५५० पासून तो दर वर्षी पंचांगवजा पुस्तिका काढत असे. आपल्या पंचांगात सुरुवातीला संवत्सरफल असतं, या वर्षी राजा कोण, मंत्री कोण, मेघेश कोण, पाऊस किती आढक, त्याच धर्तीच्या. त्याचं नाव झालं ते या पुस्तिकांवर. आज कुणी त्या उघडत नाही, कारण त्यांत महिने आणि वर्षं दिलेली आहेत आणि ताळा लगेच करता येतो. १५५८ मध्ये लोरां व्हिदेल नावाच्या ज्योतिषाने त्याच्यावर एक अख्खं पुस्तकच लिहिलं, की याला ग्रहगणित येत नाही. गणित करणाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला तो राग समजतो.

सर्वांत बोलकी गोष्ट १५६४ ची. राजमाता कातरीन द मेदिची आपला मुलगा, चौदा वर्षांचा राजा नववा शार्ल, याला घेऊन राज्याच्या दौऱ्यावर होती. ती सालों गावी नॉस्ट्रॅडॅमसला भेटली, त्याला मानधन आणि राजवैद्याचा किताब दिला. नंतर सेनापती मोंमोरांसीला तिने आनंदाने पत्र लिहिलं: माझा मुलगा तुमच्याइतका जगेल असं तो सांगतो, आणि तुम्ही नव्वद वर्षं जगाल असंही म्हणतो. सेनापती तीन वर्षांनी लढाईत जखमी होऊन ७४ व्या वर्षी गेला. राजा २३ व्या वर्षी वारला. व्यक्ती, आकडा, सगळं स्पष्ट असलेलं हे भाकीत. आईच्या हातचं पत्र असल्यामुळे ते नंतर कुणाला बदलता आलं नाही.

चतुष्पद्यांची गोष्ट वेगळी. मुलाला, सेझारला, उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत तो स्वतःच सांगतो की हे सगळं ‘ढगाळ रूपात’ लिहिलंय. आणि या ढगाचा आकार मागाहून कसा ठरवला जातो, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण राजा दुसऱ्या हेन्रीचं. ३० जून १५५९ ला पॅरिसमध्ये लग्नसमारंभातल्या भालाझुंजीत मोंगोमेरी नावाच्या तरुण सरदाराचा भाला फुटला, ढलपी शिरस्त्राणाच्या फटीतून राजाच्या डोळ्याजवळ घुसली आणि १० जुलैला राजा वारला. पहिल्या शतकातली ३५ वी चतुष्पदी म्हणते: तरुण सिंह म्हाताऱ्यावर मात करेल, रणभूमीवर द्वंद्वयुद्धात, सोन्याच्या पिंजऱ्यात त्याचे डोळे फोडेल, ‘दोन क्लास एक’, मग क्रूर मृत्यू.

पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा येतो, मलाही आला होता. आता सावकाश वाचा. राजा चाळिशीचा होता, त्याला म्हातारा सिंह म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा. रणभूमी नव्हती, उत्सवाचं मैदान होतं. शिरस्त्राण सोन्याचं असल्याची कुठे नोंद नाही. आणि ‘क्लास’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘क्लासिस’वरून घेतला तर ‘दोन आरमारं किंवा सैन्यं एक होतील’ असा अर्थ निघतो, ज्याचा भालाझुंजीशी काही संबंध लागत नाही. म्हणून भाष्यकार तो ग्रीकमधून आणतात आणि ‘दोन जखमा’ करतात. ज्या राजाचा मृत्यू त्याने आधीच पाहिला होता म्हणे, त्याच राजाला १५५८ च्या अर्पणपत्रिकेत तो ‘परम अजिंक्य’ म्हणतो. ही चतुष्पदी राजाच्या मृत्यूला लावणारा ठळक मजकूर येतो तो १६१४ मध्ये, नॉस्ट्रॅडॅमसच्या लेकाने, सेझारने, लिहिलेल्या प्रोव्हान्स प्रांताच्या इतिहासात. ओळींना पन्नास-साठ वर्षं झाली होती आणि घटनेला पंचावन्न.

घटना घडण्याआधीच अर्थ लावून ठेवला गेला, असं मोठं उदाहरण एकच: दहाव्या शतकातली ७२ वी. ‘सन एकोणीसशे नव्याण्णव, सात महिने, आकाशातून येईल भयाचा महान राजा.’ साल स्पष्ट लिहिलेली चतुष्पदी त्याच्या पुस्तकात क्वचितच सापडते. जपानमध्ये १९७३ साली या ओळीवर निघालेलं एक पुस्तक लाखोंनी खपलं आणि तिथली एक पिढी १९९९ ची वाट बघत मोठी झाली. सातवा महिना सुखरूप गेला, तेव्हा जुन्या कॅलेंडरचा आधार घेऊन ११ ऑगस्टच्या सूर्यग्रहणावर बोट ठेवलं गेलं. पाको राबान या नामवंत फॅशन डिझायनरने त्या दिवशी मीर अंतराळस्थानक पॅरिसवर कोसळेल असं जाहीर केलं. मला तो दिवस आठवतो. पुण्यात पावसाळी आभाळ होतं, संध्याकाळी अंधारून आलं ते ढगांनी की ग्रहणाने हेच कळेना. वर्गातली दोन मुलं घरच्यांनी बाहेर पडू दिलं नाही म्हणून आली नव्हती. मीर २००१ च्या मार्चमध्ये दक्षिण पॅसिफिकमध्ये ठरवून पाडलं गेलं.

त्या ओळीतला भयंकर शब्दही एका अपॉस्ट्रफीवर उभा आहे. ‘देफ्रेयर’ तोडून छापला तर ‘भयाचा’. १५६८ च्या आवृत्तीत तो जोडून छापलाय, आणि जोडून वाचला तर अर्थ होतो ‘खर्च भागवणारा’. दरबारी फ्रेंचमध्ये पाहुण्यांचा खर्च उचलणाऱ्या यजमानाला हाच शब्द लावत. नेमका कुठला अर्थ त्याच्या मनात होता यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण ज्या शब्दाने लाखो लोकांची झोप उडवली तो कदाचित आदरातिथ्याबद्दल असेल, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. जगबुडीच्या तारखा त्याच्या नावावर खपवणाऱ्यांनी त्याची प्रस्तावनाही वाचावी. आपली भाकितं ३७९७ सालापर्यंतची आहेत असं त्याने तिथे लिहून ठेवलंय.

‘हिस्टर’ म्हणजे हिटलर, हे तुम्ही ऐकलं असेल. हिस्टर किंवा इस्टर हे डॅन्यूब नदीच्या खालच्या भागाचं लॅटिन नाव आहे, तेव्हाच्या नकाशांत असायचं. याहून जास्त वेळ त्याला देण्यासारखं काही नाही. मात्र दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि ब्रिटिश दोघांनीही नॉस्ट्रॅडॅमसच्या नावाने आपापल्या सोयीचा मजकूर छापून पसरवला. त्यात नवीन काही नव्हतं. १६४९ मध्येच मंत्री माझारँच्या विरोधकांनी त्याच्याविरुद्धच्या दोन बनावट चतुष्पद्या पुस्तकात घुसवून आवृत्तीवर १५६८ साल छापलं होतं.

सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाल्यावर ‘दोन भाऊ फाटतील, किल्ला तग धरेल’ अशी चतुष्पदी जगभर फिरली, आपल्याकडेही मराठीत आली. ती कॅनडाच्या ब्रॉक विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने काही वर्षं आधी निबंधात स्वतः रचलेली होती. संदिग्ध ओळी लिहिल्या की कुठल्याही घटनेला कशा बसवता येतात, हे दाखवायला. लोकांनी निबंध सोडून दिला आणि ओळी उचलल्या. त्या मुलाला काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनात अजून येतो.

म्हणून काकांना उत्तर देताना वाद घालू नका. फक्त शतक आणि क्रमांक विचारा. खरी चतुष्पदी असेल तर ‘१:५०’ असं दोन आकड्यांत सांगता येतं, आणि जुन्या आवृत्त्यांची पानं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. क्रमांक नसेल तर मजकूर बहुधा त्याचा नाहीच. या वेळी क्रमांक तुम्हीच त्यांना द्या, वरच्या चारही ओळी द्या, आणि विचारा की चौथी ओळ तुमच्याकडे का आली नाही. त्यांना पत्रिका बघायची आवड असेल, तर ‘त्रिप्लिसिते’ हा शब्द कर्क, वृश्चिक, मीन असा उलगडून सांगा. माझ्या वडिलांना तेवढं पुरलं होतं.